भीमपलासातले पाच झणके

मी तबला वाजवतो, म्हणजे मुळातच सोशिक माणूस आहे. गवई उशिरा आला तर वाट बघायची, सतारिया तारा जुळवत बसला तर हातोडी मांडीवर ठेवून आढ्याकडे बघायचं, आणि शेवटी टाळ्या पडल्या की त्या आपल्यासाठी नाहीत हे समजून घ्यायचं. पण आमच्या दहिवलीच्या हिरामणने वीस वर्षं माझ्या सोशिकपणाची जी परीक्षा घेतली, तशी दुसऱ्या कुठल्या तबलजीची कुणी घेतली नसेल. त्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्या घरासमोर. पळून जाण्याचीही सोय नव्हती.

हिरामण साजगावच्या एका कारखान्यात फिटर. घरची दोन एकर भातशेती, बायको सुंदरा, एक मुलगी जनी, आणि एक सतार. यातल्या सतारीला घरात पहिला मान. पावसात छप्पर गळायला लागलं की आधी सतार हलायची, मग धान्याची कणगी, मग माणसं. सुंदरावहिनी एकदा मला म्हणाली होती, "भावजी, मी मेल्यावर यांना दोन दिसांनी कळंल. सतारीची तार तुटली तर आताच कळतंय." हे तिने चहा गाळता गाळता सांगितलं, रागाने नाही.

आता भाताच्या शेतकऱ्याच्या घरात सतार आली कुठून, हे सांगितलं पाहिजे. हिरामणचा आजा धाऊ हा नदीकाठच्या एका पारशी शेटच्या बंगल्यावर राखणदार होता. त्या बंगल्यात छातीच्या दुखण्याने आजारी असलेले एक सतारिये हवापालटासाठी येऊन राहिले. तीन हिवाळे राहिले. बोलायला माणूस नाही, ऐकायला माणूस नाही, म्हणून त्यांनी राखणदारालाच समोर बसवून शिकवायला सुरुवात केली. धाऊचा कान असा निघाला की जाताना त्यांनी आपली एक जुनी सतार त्याला देऊन टाकली. धाऊने आपला मुलगा आबाजी याला शिकवलं, आबाजीने हिरामणला. तीन पिढ्या झाल्या. हिरामण याला "आमचं घरानं" म्हणायचा आणि म्हणताना छाती दोन इंच फुगवायचा.

या घराण्याची खूण म्हणजे झणका.

तो कसा, ते सांगतो. हिरामण डोळे मिटून भीमपलास वाजवतोय. विलंबित गत आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड अशी ओघळतेय की सायकलचं पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईकही पंक्चर विसरून उभं राहिलंय. आणि एकदम हा माणूस सगळ्या तारांवर नखी ओढून झणकन आवाज काढणार, मान खटकन उजवीकडे वळवणार आणि डोळे असे वटारणार की समोरच्याने काहीतरी चोरलंय. एक क्षण तसाच राहणार. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा मींड.

हे तालात बसत नव्हतं. कुठल्याच तालात. पहिला झणका नवव्या मात्रेला, दुसरा साडेचौदाव्या, तिसरा सम येता येता तिच्या तोंडावर. पण उगाच कुठेही नाही बरं का! जागा ठरलेल्या होत्या आणि आजापासून जशाच्या तशा आलेल्या होत्या. भीमपलासात पाच, मुलतानीत चार. यमनात एकच, तोही अगदी सुरुवातीला. मालकंसात एकही नाही. आणि मेघमल्हार तर आरंभापासून शेवटपर्यंत कोरा करकरीत.

मी विचारलं, "असं का रं?"

"दुपारचे राग झोपाळू असतात, गजा. त्यांना जागं कराया लागतं. मालकंस रातचा, त्याला निजूच द्यायचं. नि मेघात ढग हायेत गडगडाया, आपन कशाला?"

"नि मान उजवीकडंच का?"

"उजवीकडं उगवत. सूर्याला मान द्यायची."

"डोळे वटारून?"

यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पान्हा उचलून कामाला लागलो.

गावाला मात्र झणका भारी आवडायचा. आमच्या लोकांना भजन कळतं, ढोलकी कळते. सतार म्हणजे त्यांच्या मते देवाच्या दारात बसून पुण्य लागावं म्हणून ऐकायची गोष्ट. पण झणका आला की सगळे ताठ. नवरात्रात देवळासमोर हिरामण वाजवायला बसला की पोरं आपसात पैजा लावायची, आणि झणका पडला की "आला रं आला!" असा गलका व्हायचा. एकदा एका हळदीच्या कार्यक्रमात उजव्या बाजूला नवऱ्या मुलाचा मामा बसला होता. तिसऱ्या झणक्याला तो उठला आणि यजमानाला म्हणाला, "मी तुमच्याकडं जेवाया आलोय, कोनाचं खाल्लं नाय. हा मानूस माज्याकडं असा का बगतो?" त्याची समजूत घालताना हळद वाळून गेली. वीस वर्षं प्रत्येक झणक्याला मी समेवरून घसरायचो आणि लोक म्हणायचे, सतार ब्येस, तबला जरा कच्चा. याची भरपाई मी दुसरीकडे गुपचूप करून घेत होतो, पण ते पुढे येईल.

आबाजीने हा झणका हिरामणला चिंचेच्या फोकाने शिकवला होता. जागा चुकली की पाठीवर वळ. हिरामण तेवढा कडक नव्हता. जनी सात वर्षांची असल्यापासून तो तिला शिकवत होता, आणि झणक्यासाठी फार तर लाकडी पट्टी आपटायचा, एकदा दोनदा तिच्या हातावरही. पण जनीने झणका बरोबर जागी मारून मान वळवली की हा गडी असा हसायचा, जणू पोरीने मॅट्रिकची परीक्षा पहिल्या नंबराने काढली. जनी सोळा वर्षांची झाली तोवर तिचा हात बापापेक्षा गोड झाला होता. हे मी म्हणतो. हिरामणही म्हणायचा, पण माझ्या कानात.

त्र्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात गोष्ट घडली. कारखान्याचे मॅनेजर गाण्याचे शौकीन. त्यांच्या बंगल्यावर मुंबईचे एक म्हातारे सतारिये दोन दिवस उतरणार होते. नाव फार मोठं. सगळे त्यांना पंडितजी म्हणत, आपणही तेच म्हणू. मॅनेजरने हिरामणला बोलावून सांगितलं, "रविवारी दुपारी तीन वाजता या. अर्धा तास वाजवा. पंडितजी ऐकतील."

हिरामण घरी आला तो हवेत. दुकानात येऊन माझ्या मोडक्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "गजा, गाव टाळ्या वाजवतं ते ठीक हाय. पन आजपातुर एका तरी जाणत्या मानसानं म्हनलंय का, की हे घरानं हाय म्हनून? बा मेला तरी त्याला कोन बोललं नाय. ते एकदा बोलले ना, की मग झालं."

मला त्याची माया आली, आणि त्या मायेत मी घात केला. म्हणालो, "हिरामणा, तेवढा अर्धा तास झणका नको घेऊ."

तो उठला. स्टूल पडलं. "माज्या आजाची आन हाय ती. ती काढून बाकीचं वाजवू? मग माजं त्यात काय ऱ्हायलं?" आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

रविवारी आम्ही गोधडीत गुंडाळलेली सतार आणि माझा तबला डग्गा घेऊन एस.टी.ने निघालो. साजगावात हिरामणची आत्या राहायची, मोतीबाई. धाऊची मुलगी, आबाजीची थोरली बहीण, वय ऐंशीच्या घरात. लग्न झाल्यावर पुढे तिचं आणि आबाजीचं एका फणसाच्या झाडावरून वाजलं, आणि मग चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नाही. गेल्या वर्षी आबाजी वारला तेव्हा तीच रडत आली आणि येणंजाणं पुन्हा सुरू झालं. जेवायला तिच्याकडे थांबायचं ठरलं होतं.

जेवण झालं. मैफिलीला तासभर होता. हिरामण म्हणाला, एकदा हात फिरवून घेऊ. ओटीवर बसलो. मोतीबाई हिरामणच्या उजव्या बाजूला बसून सुपात तांदूळ निवडत होती. आपल्या बापाची सतार ती लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

भीमपलास सुरू झाला. पहिली जागा आली, हिरामणने झणका दिला, मान वळवली, डोळे वटारले.

मोतीबाई दचकली. सूप खाली ठेवून तिने दाराबाहेर बघितलं. "कुटं हाय रं? आपल्याकडं तर नायत."

"काय नाय, आत्या?"

"कोंबड्या."

"कसल्या कोंबड्या?"

"मग हाकललंस कोनाला?"

हिरामणचा हात तारांवरच थांबला. मोतीबाई हसायला लागली. दात नव्हते, पण हसणं पोरीसारखं. "आरं, माजा बा असाच करायचा! आय त्याला बोलली व्हती, दुपारचं वाजवायचं तर वाजव, पन अंगणातलं भात राख. एकदा सतार मांडीवर घेतली की बाला उठाया जिवावर यायचं. कोंबडी भातावर आली की सगळ्या तारा झणकन वाजवायच्या नि असं बगायचं. लगीच पळायच्या. एक तांबडा कोंबडा तेवडा दाद द्यायचा नाय."

"पन उजवीकडं..." हिरामणने पुन्हा मान वळवून दाखवली.

"अंगण उजवीकडंच व्हतं. डावीकडं भिंत."

"बाला हे ठावं नव्हतं?"

"आबाजीला कसं ठावं? तो बाच्या उजव्या हाताला बसायचा, अंगणाकडं पाठ करून. मागं बगितलं की टपली. बा वाजवंल तसं वाजवायचं, इचारायचं नाय. नि बा गेला तवा आबाजी बारा वर्साचा."

मला भराभर उलगडा व्हायला लागला. शिकवणीच्या दिवशी जेव्हा जेव्हा कोंबडी आली, त्याच जागा पोराच्या हातात कायमच्या बसल्या. भीमपलास आणि मुलतानी दुपारचे, तेव्हा भात उन्हात पसरलेलं. यमनाच्या वेळी भात गोळा झालेलं, एखादीच चुकार कोंबडी खुराड्यात जायची राहिलेली. मालकंसाला कोंबड्या झोपलेल्या. आणि मेघमल्हाराच्या दिवसांत भात शेतात आणि अंगणात नुसता चिखल! मी हसू दाबलं, ते नाकातून आलं.

मग मी हिरामणकडे बघितलं आणि मला माझी लाज वाटली. तो सतारीच्या भोपळ्यावर हात ठेवून बसला होता. "माज्या पाठीवर वळ उठायचे गं या झणक्यापायी," तो म्हणाला. "नि मी माज्या जनीच्या हातावर पट्टी मारलीय." मोतीबाईचं हसू थांबलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुळाचा खडा पुढे केला. दुसरं काय करणार?

बंगल्याच्या फाटकापाशी तो एवढंच म्हणाला, "गजा, आज झणका नाय घेत."

मैफल दिवाणखान्यात. पाचपंचवीस माणसं. पंडितजी गादीवर लोडाला टेकून बसलेले, आणि माझं नशीब बघा, हिरामणच्या बरोबर उजव्या बाजूला. भीमपलास सुरू झाला. खरं सांगतो, हिरामणने तसं कधीच वाजवलं नव्हतं. पहिली जागा आली. हात थांबला, झणका आला नाही. पण तीस वर्षांची सवय, मान थांबेना. ती आपली खटकन वळली, आणि डोळे वटारले ते थेट पंडितजींवर.

पंडितजींनी तोंडाकडे नेलेला विडा खाली घेतला.

दुसऱ्या जागेला त्यांनी पसरलेला पाय आखडून घेतला. तिसऱ्या वेळी त्यांनी मागे वळून बघितलं, की आपल्या पाठीमागे कुणी आहे का. चौथ्या वेळी उपरणं सारखं केलं. पाचव्या जागेला पंडितजी लोडासकट हातभर बाजूला सरकले. इकडे माझी वेगळीच गत. वीस वर्षं धक्का खायला तयार राहिलेला माणूस, धक्काच आला नाही म्हणून समेवर यायची माझी तिहाई अडखळली. चुकायचंच म्हटलं की निमित्ताला तोटा नाही.

वाजवणं संपलं. टाळ्या पडल्या. पंडितजी खाकरले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आपण पाच वेळा माझ्याकडे रागाने पाहिलंत. माझं काही चुकलं का?"

मॅनेजरचा चेहरा पडला. हिरामण सतार खाली ठेवून उठला, पंडितजींच्या पायाशी बसला आणि आजा, आबाजी, भात, कोंबड्या, तो तांबडा कोंबडासुद्धा, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. पोलिसांपुढे चोरही इतकं भराभर बोलत नाही.

पंडितजी आधी गंभीर होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. सगळा दिवाणखाना हसला. हिरामण मात्र मान खाली घालून बसला होता, आणि त्या हसण्यात मला हसू येईना. उठून सगळ्यांना दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. तेवढ्यात पंडितजींनी हात वर केला.

"ती पंचमावरून गंधारावर येणारी मींड पुन्हा वाजवा."

हिरामणने वाजवली. त्यांनी पुन्हा वाजवायला लावली. तीनदा ऐकली.

"ही कुणाची?"

"आजाची. जशीच्या तशी."

"भात राखता राखता त्या माणसाने ही मींड बसवली?"

"व्हय जी."

"मग घराणं खरं आहे," पंडितजी म्हणाले. "तेवढ्या कोंबड्या बाहेर काढा."

हिरामणने दोन्ही हात जोडले. आबाजीला हे ऐकायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं.

पंडितजींनी विचारलं, पुढे कुणाला शिकवता? मुलीला, हिरामण म्हणाला, नऊ वर्षं झाली. "म्हणजे तिच्याही हातात ते बसलं असणार." "मीच बसवलंय जी." पंडितजींनी लोड पुन्हा जागेवर ओढला. "तुमची मान आता सुटायची नाही, आणि सुटली नाही तरी चालेल. पण तिची सुटली पाहिजे. तीन महिने घ्या. निघालं तर मुलीला माझ्याकडे घेऊन या, मी शिकवीन. नाही निघालं तर राहू द्या. या वयात रोज कुणी माझ्यावर डोळे वटारलेले मला झेपणार नाहीत."

परतीच्या एस.टी.त हिरामण सतार पोराला धरावं तशी धरून बसला होता. घराणं खरं ठरलं होतं, पण त्याच्या तोंडावर ते दिसत नव्हतं. "नऊ वर्सं ठोकून बसवलं ते तीन म्हैन्यात निघंल का रं?" त्याने एस.टी. सुटताना विचारलं, पळसदरीच्या थांब्यावर पुन्हा विचारलं. "माज्या हातानं मी पोरीचं वाटोळं केलं, गजा."

मी तंबाखूची चिमूट तोंडात धरून खिडकीबाहेर बघत राहिलो. कारण मला जे ठाऊक होतं ते सांगायचं नाही, असं मी जनीला वचन दिलं होतं. तुम्हालासुद्धा इतका वेळ सांगितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सुंदरावहिनी कंदिलाची काच पुसत होती, जनी चुलीपाशी होती. हिरामणने चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच उभं राहून सगळं सांगितलं, पंडितजी काय बोलले ते, आत्या काय बोलली ते. आणि शेवटी म्हणाला, "जने, माजं चुकलं. तुला उगाच पट्टी मारली. तो झणका इसर. इसरशील?"

जनीने आईकडे बघितलं. वहिनी काच पुसतच राहिली. मग जनीने माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं, ते मला चांगलं जमतं.

"बाबा," ती म्हणाली, "तो मी तुमी घरात असता तवाच वाजवते."

"म्हंजे?"

"तुमी ड्युटीला गेलात की मी सरळ वाजवते. पयल्यापासून. गजाकाका ठेका धरतात."

हिरामणने माझ्याकडे असे डोळे वटारले की कोंबडीच काय, तो तांबडा कोंबडाही पळाला असता. "तुला ठावं व्हतं?"

"आख्ख्या आळीला ठावं हाय," वहिनी म्हणाली.

"मग माज्यासमोर कशाला वाजवायचीस गं?"

जनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "झणका झाला की तुमी माज्याकडं बगून हसायचा. तेवडंच हसायचा. म्हनून."

हिरामण मटकन ओटीवर बसला. आता कुठे त्याने चपला काढल्या. मग सतार तिच्याकडे सरकवून म्हणाला, "वाजव. मी घरात नाय असं समज."

मी तबला ओढला. वेळ यमनाची होती, पण जनीने भीमपलासच धरला. पहिली जागा गेली, दुसरी गेली, सूर पाण्यासारखा सरळ वाहत राहिला आणि मी वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात हिरामणसमोर भीमपलासात समेवर बिनघोर आलो. ती मींड आली, पंचमावरून गंधारावर, धाऊची. हिरामण भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता, आणि गालावरून ओघळणारं पाणी पुसायचंही त्याला भान नव्हतं.

जनीने सतार खाली ठेवली तेव्हा तो म्हणाला, "नऊ वर्सं हे माज्याच घरात वाजत व्हतं. नि मी घरी असायचो, म्हनून मला ऐकाया मिळालं नाय."